वारा पाहून पाठ द्यावी

मुलगा किंवा मुलगी नेदरलँड्सला नोकरीला असते आणि आपण दोन-तीन महिने राहायला गेलेलो असतो. पहिल्या पंधरवड्यात ॲमस्टरडॅमच्या कालव्यातली बोट होते, संग्रहालयं होतात, ट्युलिपमधले फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. मग मुलं कामाला लागतात आणि आपण खिडकीत उभे राहतो. खिडकीखालून सत्तरीच्या आजीबाई मागे भाजीच्या पिशव्या लटकवून सायकलवर ऐटीत निघून जातात. हा लेख त्या खिडकीत उभ्या असलेल्यांसाठी आहे. चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस शहराबाहेर घालवू इच्छिणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

सायकल शेवटची कॉलेजात चालवली होती, गुडघे कुरकुरतात, डच भाषा येत नाही, वाट चुकलो तर काय, हे सगळे प्रश्न रास्त आहेत. त्यातल्या बहुतेकांची उत्तरं त्या देशाने आधीच देऊन ठेवली आहेत. सायकलींसाठी वेगळे रस्ते आहेत, दर चौकात आकडे लिहिलेल्या पाट्या आहेत आणि गुडघ्यांसाठी विजेची सायकल आहे. एकच गोष्ट तुमची तुम्हाला सांभाळायची आहे, ती म्हणजे वारा. हा देश सपाट आहे, सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. चढ नाही म्हणजे सोपं, असं आपल्याला वाटतं. पण खंबाटकी घाट जे काम करतो, ते तिथे समोरून येणारा वारा करतो. 'वारा पाहून पाठ देणारा' ही आपल्याकडे शिवी आहे. डच बंधाऱ्यावर ती सायकलस्वाराची अक्कल आहे.

आधी सायकलशी ओळख

आपल्याकडे ई-बाइक म्हटलं की बॅटरीची स्कूटर डोळ्यांसमोर येते. इथली ई-सायकल ही सायकलच आहे. पायडल मारलं तरच मोटर मदत करते, पाय थांबले की मोटर थांबते. कायद्याने मोटरची ताकद २५० वॉट आणि मदतीची मर्यादा ताशी २५ किलोमीटर. त्यापुढे मोटर आपोआप हात काढून घेते आणि सायकल अचानक जड वाटू लागते. ती बिघडली नाही, तिने नियम पाळला. अशा सायकलला परवाना लागत नाही. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जाणारी, नंबरप्लेट लावलेली वेगळी जात असते. तिला परवाना, विमा, हेल्मेट सगळं लागतं, तेव्हा भाड्याने घेताना साधी २५ चीच मागा. भारतातून स्वतःची ई-सायकल नेण्याचा विचार मात्र सोडून द्या. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी चालत नाही आणि या सायकलींची बॅटरी साधारण ४०० ते ५०० ची असते.

दुकानात पाच-दहा मिनिटं जास्त घालवा. डच माणसं जगातल्या सगळ्यांत उंच लोकांत मोडतात आणि त्यांच्या सायकलीही त्याच मापाच्या असतात. पाच फूट उंचीच्या बाईला मधल्या मापाची सायकलही मोठी पडते. 'सगळ्यांत लहान फ्रेम' असं स्पष्ट सांगा, सीट खाली घ्यायला लावा, बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात ना ते बघा. पुरुषांनीही संकोच न करता आडवी दांडी नसलेली सायकल घ्यावी. पाय उंच टाकावा लागत नाही आणि तिथले बाप्येही तीच चालवतात. डच सायकलीला चेनवर पूर्ण झाकण आणि बहुधा मागच्या चाकाला कडेने पडदा असतो, त्यामुळे सलवार किंवा कोट अडकत नाही. ओढणी तरी कमरेला बांधाच.

आता ब्रेक. हँडलवरचा कुठला ब्रेक पुढचा आणि कुठला मागचा हे विचारून घ्या, आपल्या सवयीच्या उलट असू शकतात. काही सायकलींना मागचा ब्रेक पायात असतो. पायडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याला उतारावर पायडल उलटं फिरवत 'टिकटिक' ऐकायची सवय असते. इथे ते केलंत तर सायकल जागीच गचकते. निघताना पायडल वर आणायलाही ते उलटं फिरवता येत नाही, सायकल वीतभर पुढे ढकलावी लागते. हे दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत करून पाहा, सिग्नलला शिकू नका.

या सायकलीचं वजन २०-२५ किलो असतं. चालताना ते जाणवत नाही, थांबताना जाणवतं. बहुतेक नवखे पडतात ते वेगात नाहीत, थांबताना तोल जाऊन. म्हणून थांबण्याआधी मदतीची पातळी खाली आणा आणि एक पाय टेकायला तयार ठेवा. सिग्नलला उभे असताना ब्रेक दाबून ठेवा, कारण पायडलवर पाय जरा जोरात पडला की काही सायकली लगेच पुढे उसळतात.

कुलपं दोन लावायची. एक मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं कडीचं, दुसरी साखळी जी खांबाला किंवा स्टँडला बांधायची. फक्त चाकाला कुलूप लावलेली सायकल उचलून नेता येते, आणि सायकलचोरी हा त्या देशातला जुना धंदा आहे. चोरी झाल्यास सायकल भाड्याने घेणाऱ्याने किती रक्कम भरायची, हे सही करण्याआधी वाचा.

दोन दिवस सरावाचे

पहिल्याच दिवशी लांब पल्ला मारायची घाई नको. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या आमस्टलवेनला तुम्ही राहत असाल, तर शेजारीच ॲमस्टरडॅमचं मोठं वनउद्यान आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेरोजगारांना काम देऊन, सपाट पोल्डरवर, म्हणजे बंधारे घालून पाण्यापासून मिळवलेल्या जमिनीवर, झाडं लावून ते माणसांनीच उभं केलं. मोटारींपासून दूर असलेल्या तिथल्या वाटांवर तासभर फिरा, थांबा, वळा, एका हाताने वळण्याची खूण करून बघा. दुसऱ्या दिवशी आमस्टल नदीच्या काठाने पाच-सहा किलोमीटरवरच्या औडरकेर्क गावी जा. नदीकाठी कॉफी प्या आणि परत या. हे जमलं की पुढचं जमलंच म्हणून समजा.

आकड्यांची वाट

स्वतःच्या भरवशावर फिरायला लागणारी सगळ्यांत मोठी मदत म्हणजे क्नोपपुंटांची, म्हणजे सांध्यांची जाळी. जिथे सायकलच्या वाटा एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक सांध्याला एक आकडा दिलेला असतो. एका सांध्यावरून पुढच्या सांध्याकडे नेणाऱ्या छोट्या पाट्या वाटेत लावलेल्या असतात. त्यावर बाण आणि पुढचा आकडा, बहुधा पांढऱ्यावर हिरव्या रंगात. ही कल्पना शेजारच्या बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतातली. १९९० च्या दशकात हुगो बोलन नावाच्या खाण अभियंत्याने ती मांडली आणि नंतर सगळ्या नेदरलँड्सने उचलली.

आदल्या रात्री मोबाइलवरच्या नियोजकात किंवा नकाशावर फेरी आखायची आणि आकड्यांची ओळ कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून हँडलला चिकटवायची. दिवसभर तुमचं काम एवढंच, पुढचा आकडा शोधणं. लोकलच्या प्रवासात जसं आपण पुढचं स्टेशन बघतो तसं. आकडे ९९ पर्यंतच जातात, त्यामुळे तोच आकडा देशात अनेक ठिकाणी भेटतो. म्हणून नुसता '३७ कुठे?' असं विचारून उपयोग नाही, आजूबाजूच्या गावाचं नाव हवं. मोठ्या सांध्यांवर परिसराचा नकाशा असलेला फलकही असतो. पाटी चुकली असं वाटलं तर पुढे पुढे जाऊ नका, शेवटच्या दिसलेल्या पाटीपर्यंत मागे या. बहुतेक वेळा वळणावरच्या झाडाच्या फांदीमागे ती सापडते.

याखेरीज लाल-पांढरे दिशादर्शक असतात आणि गवतात गुडघ्याइतक्या उंचीचे भूछत्रासारखे ठोकळे असतात. त्यांना डच लोक पाडेस्टूल, म्हणजे कुत्र्याची छत्रीच म्हणतात. १९१९ पासून ते सायकलवाल्यांना गावांची नावं आणि अंतरं सांगत आले आहेत. ते बसवणारी एएनडब्ल्यूबी ही संस्था आज मोटारवाल्यांची मोठी संघटना म्हणून ओळखली जाते, पण १८८३ मध्ये ती सायकलस्वारांचा संघ म्हणून सुरू झाली होती.

रस्त्यावरचे रिवाज

पहिला नियम, उजवीकडून चाला. सरळ वाटेवर हे लक्षात राहतं, पण कॉफी पिऊन परत निघताना किंवा रिकाम्या चौकात वळताना हात नकळत डावीकडे जातो. जोडीने जात असाल तर दर वेळी निघताना 'उजवीकडे' असं एकाने मोठ्याने म्हणायचं. हसू येतं, पण उपयोग होतो.

निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर त्या वाटेनेच जायचं. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली दिसली आणि टोकं तुमच्याकडे रोखलेली असली, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. डच लोक त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. त्रिकोण, सिग्नल काहीच नसेल अशा गावातल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो सायकलवर असो वा ट्रॅक्टरवर. 'मोठी गाडी आहे, जाऊ दे' हे आपलं शहाणपण तिथे गोंधळ घालतं. हक्क तुमचा असताना तुम्ही थांबलात, तर मागचा सायकलवाला तुमच्यावर आदळतो.

मोबाइल हातात धरून सायकल चालवणं २०१९ पासून दंडनीय आहे. फोटो काढायचा तर वाटेच्या कडेला उतरा, भर वाटेत नाही. हेल्मेटची सक्ती नाही आणि डच माणसं ते घालतही नाहीत. ती तीन-चार वर्षांची असल्यापासून सायकलवर आहेत, आपण नाही. दुकानात मागून घ्या आणि निमूट घाला.

एक धोका पुस्तकात सहसा सापडत नाही. मोटारींनी सायकलच्या वाटेवर घुसू नये म्हणून वाटेच्या मधोमध खांब रोवलेले असतात. दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत जात असली की एकाला दिसलेला खांब दुसऱ्याला दिसत नाही. जमिनीवर मधोमध पांढरी रेघ सुरू झाली की खांब जवळ आला असं समजा आणि एकामागे एक व्हा.

वाऱ्याचा हिशेब

बॅटरी किती चालेल हे सायकलच्या वयावर, तुमच्या वजनावर आणि तुम्ही किती मदत घेता यावर ठरतं. त्याच बॅटरीवर कमी मदतीत ८० किलोमीटर जाणारी सायकल पूर्ण मदतीत ४० लाच दम तोडू शकते. पडद्यावर दिसणारा 'एवढे किलोमीटर उरले' हा आकडा आत्ताच्या पातळीवर आणि आत्ताच्या वाऱ्यावर बेतलेला असतो. वारा पाठीवर असताना तो आकडा सुखावतो. परत फिरलात की अर्ध्या तासात तो धडाधड खाली येतो. जाताना वाचलेली बॅटरी तुमच्या काटकसरीमुळे वाचलेली नसते, वाऱ्याने वाचवलेली असते, आणि येताना तो ती व्याजासकट वसूल करतो. अशा दिवशी बॅटरी संपली, तर पंचवीस किलोची सायकल वाऱ्याविरुद्ध रेटणं म्हणजे काय ते गुडघे आयुष्यभर लक्षात ठेवतात.

म्हणून तीन पथ्यं. एक, निघण्याआधी हवामानात वाऱ्याची दिशा आणि जोर बघा. तिथे जोर बोफोर्टच्या आकड्यात सांगतात. ३ पर्यंत मजेत जा, ४ ला मोटरचे आभार माना, ५ किंवा जास्त असेल तर उघड्या बंधाऱ्यावर नवख्याने जाऊ नये. दोन, शक्य असेल तेव्हा जाताना वारा समोर घ्या आणि येताना पाठीवर, कारण दमलेल्या पायांना पाठीवरचा वारा हवा असतो. तीन, जेवणाच्या वेळी बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली गेली असेल तर मदतीची पातळी कमी करा. चार्जर बरोबर असेल तर हॉटेलवाल्याला विचारून जेवण होईपर्यंत बॅटरी लावून ठेवता येते.

वाटरलांड, एका दिवसात

पहिली खरी फेरी म्हणून मी वाटरलांड सुचवेन. ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनच्या मागून आय नावाचं पाणी ओलांडणारी फेरीबोट सुटते. सायकलसकट ती फुकट आहे. काही मिनिटांत तुम्ही उत्तर काठावर असता आणि अर्ध्या तासात गाईंच्या कुरणात. पूर्ण फेरी साधारण ४५ ते ५० किलोमीटरची होते. थांबत, खात, बघत गेलात तर आख्खा दिवस.

वारा नैऋत्येचा असेल, आणि तिथे बहुतेक वेळा तो तसाच असतो, तर आधी पूर्वेकडे बंधाऱ्यावरून जा. जाताना वारा पाठीवर मिळतो. मग जाताना समोर वारा घेण्याच्या नियमाचं काय? इथे तो मुद्दाम मोडायचा, कारण बंधारा उघडा आहे आणि परतीची वाट आतल्या गावांतून, घरं आणि झाडांच्या आडोशाने येते. समोरचा वारा खायचाच आहे तर आडोशाने खावा. आणि त्यासाठी बॅटरी राखून ठेवावी. वसंतातल्या कोरड्या, स्वच्छ दिवशी वारा ईशान्येचा असेल, तर हीच फेरी उलटी करा. आधी आतली गावं, मग बंधाऱ्यावरून पाठीवर वारा घेत घरी.

उत्तर काठाने पूर्वेला निघालं की लाकडी घरांच्या रांगा लागतात. इथली जमीन खोलवर पीटची, म्हणजे कुजलेल्या पाणवनस्पतींच्या मऊ थराची. विटांचं जड घर त्यात बसतं, म्हणून पूर्वी घरं लाकडाची बांधत. त्याच मऊ, ओल्या जमिनीत धान्य नीट होत नाही, गवत उत्तम होतं. म्हणून गाय, म्हणून दूध, म्हणून चीज. गाव बघताना ही साखळी डोक्यात ठेवली की प्रत्येक गोष्टीला कारण दिसू लागतं.

डुर्खरडाम हे बंधाऱ्याला चिकटून एका ओळीत वसलेलं गाव. समोरच्या पाण्यात पांपुस नावाचं बेट दिसतं. तिथला गाळाचा उथळ पट्टा ओलांडणं हे ॲमस्टरडॅमकडे येणाऱ्या भरलेल्या जहाजांचं मोठं दुखणं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजाच्या दोन्ही बाजूंना पोकळ तराफे बांधून, त्यातलं पाणी उपसून जहाज वर उचलायची युक्ती निघाली. त्या तराफ्यांना 'उंट' म्हणत. १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची वाटही याच पाण्यातली. वखारीचे पडके दगड पाहिलेल्या माणसाला डुर्खरडामच्या बाकावर बसून त्या गोष्टीचं दुसरं टोक दिसतं.

पुढे बंधारा सरळ जात नाही, सारखा वाकतो. याचं कारण पाण्यात आहे. जिथे बंधारा फुटला तिथे पाण्याने खोल खड्डा पाडला. तो बुजवणं अवघड, म्हणून नवा बंधारा त्याला वळसा घालून बांधला. वाटेत आतल्या बाजूला दिसणारं किन्सलमेर हे तळं अशाच फुटीची खूण आहे. एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला गाई खाली, हे दृश्य इथे नीट दिसतं. गोव्यातल्या खाजणांशी किंवा कोकणातल्या खारबंदिस्तीशी ज्यांची ओळख आहे, त्यांना पोल्डर लगेच कळेल. फरक एवढाच की खाजणात ओहोटीला मानस, म्हणजे बंधाऱ्यातलं पाणी अडवणारं दार, उघडला की पाणी आपोआप बाहेर जातं. पोल्डरची जमीन बाहेरच्या पाण्यापेक्षा कायम खाली असते, म्हणून पाणी उपसून वर काढावं लागतं. आधी ते पवनचक्क्या करत, आता पंप करतात. त्या पंपघराला खेमाल म्हणतात.

या किनाऱ्यावर गेली काही वर्षं बंधारे मजबूत करायची कामं चालू आहेत. पिवळ्या पाटीवर 'ओमलायडिंग' असं दिसलं तर तो वळसा आहे, पाटी सांगेल तसं जा. आतल्या बाजूने वळावं लागलं तर रान्सडॉर्पचा बोथट डोक्याचा, कळस कधीच न चढलेला चर्चचा मनोरा दिसेल. रेम्ब्रांटने तो रेखाटला होता. एप्रिल ते जून या कुरणांत लांब चोचीचा ख्रुटो घरटी करतो. तो तिथला राष्ट्रीय पक्षी, आणि याच जातीचे पक्षी हिवाळ्यात उजनीच्या पाणथळीत भिगवणला दिसतात. या दिवसांत वाट सोडून गवतात शिरू नका.

आउटडाम गावानंतर थोडं पुढे मार्कनला जाणारा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे सायकलची वाट. मार्कन १९५७ पर्यंत बेट होतं. समुद्राचं पाणी आत येत असे, म्हणून घरं मातीच्या उंचवट्यांवर दाटीने बांधत, आणि उंचवट्यावर जागा संपली तेव्हा खांबांवर. १९१६ च्या पुरात या छोट्या बेटावर १६ माणसं बुडाली. त्या पुरानंतर बांध घालून समुद्र बंद करण्याच्या अभियंते कॉर्नेलिस लेलींच्या योजनेला बळ मिळालं, १९१८ मध्ये कायदा झाला आणि १९३२ मध्ये आफस्लाउटडायक हा बांध पूर्ण होऊन खारा झाउडरझे समुद्र गोड्या पाण्याचं सरोवर झाला. पुराची भीती गेली, तशी खांबांमधली मोकळी जागा लोकांनी भिंती घालून खोल्यांत बदलली. गल्लीतून चालताना खालच्या मजल्याकडे बघा, तो वरच्यापेक्षा तरुण आहे. मार्कनच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि त्यात माणसं राहतात, सायकल बाहेर लावून पायी फिरा. खिडक्यांना पडदे नसतात, म्हणून आत डोकावण्याचं आमंत्रण आहे असं समजू नका. वेळ असेल तर टोकावरच्या १८३९ च्या दीपगृहापर्यंत जा. त्याच्या आकारामुळे लोक त्याला 'मार्कनचा घोडा' म्हणतात.

परतताना मोनिकेंडामला जेवा. लहानसं बंदर आणि मधोमध घंटांचा मनोरा. त्यातल्या घंटा सोळाव्या शतकातल्या आहेत. तिथून ब्रूक इन वाटरलांड जवळच. फिकट राखाडी, फिकट निळ्या लाकडी घरांचं हे गाव अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांत त्याच्या टापटिपीसाठी गाजलेलं होतं. तळ्याकाठी थांबून पॅनकेक खायला याहून चांगली जागा नाही.

इथून समोरचा वारा लागतो. मदतीची पातळी वाढवा, हनुवटी खाली घ्या आणि कालव्याच्या काठाने ॲमस्टरडॅम गाठा. हा नूर्डहॉलांड कालवा १८२४ मध्ये खुला झाला. पांपुसचा गाळ चुकवून जहाजांना दुसऱ्या बाजूने समुद्र गाठता यावा म्हणून तो खणला. सकाळी जिथे जहाजं अडायची ती जागा पाहिली, संध्याकाळी त्यावरचा उपाय बघत तुम्ही फेरीबोटीपाशी पोहोचता.

पोट, पैसा, पाऊस

शाकाहारी माणसाने उपाशी राहायची गरज नाही. सफरचंदाचा केक, पॅनकेक, चीजचं सँडविच, अंडं चालत असेल तर पावावरची दोन-तीन अंडी, हे खेड्यातही मिळतं. वाटाण्याचं दाट सूप मात्र विचारून घ्या, त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. पारंपरिक डच चीजला वासराच्या पोटातलं विरजण वापरलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी शाकाहारी विरजणाचं चीज मागावं. पाठीवरच्या पिशवीत दशम्या-चटणी किंवा थेपले असले तर बंधाऱ्यावरचा बाक हेच उत्तम उपाहारगृह. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या.

पुष्कळ दुकानांत फक्त कार्ड चालतं, तर शेतासमोरच्या विनामालक टपरीवर फक्त नाणी. अंडी, भोपळे, फुलं ठेवलेली असतात आणि शेजारी पैशांचा डबा. पैसे टाका, वस्तू घ्या. बघायला कोणी नसतं, म्हणूनच नीट मोजून टाका.

पाऊस दिवसातून दोनदा येऊन जाऊ शकतो. पुढच्या दोन तासांत सर कुठे पडणार हे दाखवणारी ॲप तिथे सगळे वापरतात, तुम्हीही घ्या. छत्री नको, पँटसकट रेनकोट हवा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, ऑक्टोबरच्या अखेरीला संध्याकाळी लवकर अंधारतं. दिवे लागतात ना ते सकाळीच बघा. ट्रेनमध्ये सायकल न्यायची तर तिचं वेगळं तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ व दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळा टाळाव्या लागतात. प्रवास विम्यात सायकलवरची दुखापत धरली आहे का, हे निघण्याआधी वाचा. संकटात ११२ फिरवा.

पुढच्या फेऱ्या

वाटरलांड जमलं की बेमस्टर घ्या. १६१२ मध्ये पवनचक्क्यांनी तळं उपसून काढलेली ही जमीन आज जागतिक वारशात आहे. रस्ते आणि चर पट्टीने आखल्यासारखे सरळ, म्हणजे वाऱ्यालाही सरळ. शेजारच्या डे राइप गावात आडोसा मिळतो. किंडरडायकच्या १९ पवनचक्क्या सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बघा, दुपारी तिथे बसगाड्यांची जत्रा असते. हिरव्या पाण्याचं खिटहोर्न उन्हाळ्यात इतकं भरलेलं असतं की सायकल हातात धरून चालावं लागतं. तिथे मुक्काम करून शेजारच्या वेरिबन-वीडन राष्ट्रीय उद्यानातल्या बोरूच्या रानातून जाणाऱ्या वाटांवर दिवस घालवणं जास्त सुखाचं. आणि दक्षिण लिम्बुर्खला जाल तर हे सगळं विसरा. तिथे खरेखुरे चढ आहेत, ३२२ मीटरचा फाल्सरबर्ख धरून. तिथे बॅटरी चढावर संपते, वाऱ्यात नाही.

कुठेही जा, आदल्या रात्री हँडलला चिकटवायची चिठ्ठी लिहाल तेव्हा पहिल्या ओळीत आकडे लिहू नका. पहिल्या ओळीत लिहा, 'उद्या वारा नैऋत्येचा, जोर ३'. आकडे त्याच्या खाली, त्याला विचारून.